मार्तिन ओब्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्तिन ओब्री कोण आहेत?

मार्तिन ओब्री या फ्रान्सच्या समाजवादी पक्षाच्या ज्येष्ठ नेत्या आहेत. त्यांचा जन्म ८ ऑगस्ट १९५० रोजी पॅरिसमध्ये झाला. त्या १९९१ ते १९९३ या काळात कामगारमंत्री आणि १९९७ ते २००० या काळात रोजगार व सामाजिक ऐक्य खात्याच्या मंत्री होत्या. २००८ मध्ये त्या समाजवादी पक्षाच्या प्रमुखपदी निवडून आल्या. त्या पदावर सदस्यांच्या मतांनी निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. उत्तर फ्रान्समधील लील शहराचे महापौरपद त्यांनी २००१ पासून २०२५ पर्यंत, म्हणजे तब्बल चोवीस वर्षे सांभाळले. फ्रान्समध्ये त्यांचे नाव आजही सर्वांत आधी एका कायद्याशी जोडले जाते : आठवड्याला ३५ तास कामाचा कायदा. त्यानंतर लगेच आठवण निघते ती त्यांच्या वडिलांची, जाक दलोर यांची.

वडिलांचे आडनाव दलोर, मग मुलगी ओब्री कशी?

ओब्री हे त्यांच्या पहिल्या पतीचे आडनाव आहे. तो विवाह पुढे टिकला नाही आणि कालांतराने त्यांनी दुसरा विवाह केला, तरी सार्वजनिक जीवनात त्यांनी ओब्री हेच नाव कायम ठेवले. त्या सरकारी सेवेत रुजू झाल्या तेव्हापासून याच नावाने ओळखल्या जात होत्या, हे त्याचे सरळ कारण. परंतु त्याचा एक राजकीय परिणामही झाला. मतपत्रिकेवर ‘दलोर’ हे नाव कधीच छापले गेले नाही. नव्या मतदाराला त्या कोणाच्या कन्या आहेत हे मुद्दाम सांगावे लागे. विरोधक ते सांगायला विसरत नसत, ही गोष्ट वेगळी.

जाक दलोर यांचे स्थान एवढे मोठे का मानले जाते?

आजचा युरोपीय संघ ज्या स्वरूपात दिसतो, त्याचा बराचसा आराखडा दलोर यांच्या कार्यकाळात तयार झाला. १९८५ पासून १९९५ पर्यंत ते युरोपीय आयोगाचे अध्यक्ष होते. या दहा वर्षांत सदस्यदेशांमधील एकसंध बाजारपेठ उभी राहिली, विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरास्मस योजना १९८७ मध्ये सुरू झाली, समान चलनाचा मार्ग आखणारा अहवाल १९८९ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने दिला आणि १९९२ मध्ये युरोपीय संघाची स्थापना करणाऱ्या मास्त्रिख्तच्या करारावर सह्या झाल्या. त्याआधी १९८१ ते १९८४ या काळात ते अध्यक्ष फ्रांस्वा मितराँ यांच्या राजवटीत अर्थमंत्री होते, आणि १९८३ मध्ये समाजवादी सरकारने खर्चाला आवर घालून जे काटकसरीचे वळण घेतले, त्यामागे त्यांचा मोठा आग्रह होता. २७ डिसेंबर २०२३ रोजी वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि पॅरिसच्या अँव्हालीद या ऐतिहासिक वास्तूत त्यांना राष्ट्रीय मानवंदना देण्यात आली.

म्हणजे हे जुने राजकीय घराणे आहे काय?

जुने म्हणता येणार नाही. फ्रान्समध्ये खरोखर जुनी घराणी आहेत. राज्यक्रांतीच्या सैन्याची उभारणी करणारे लाझार कार्नो यांचे नातू सादी कार्नो १८८७ मध्ये देशाचे अध्यक्ष झाले होते. दलोर कुटुंबाची गोष्ट अगदी निराळी आहे. जाक दलोर यांचे वडील फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेत शिपाईवजा नोकरी करीत. स्वतः दलोर त्याच बँकेत लागले, नोकरी सांभाळून शिकले आणि ख्रिस्ती कामगार संघटनेच्या चळवळीतून पुढे आले. मोठ्या पदांची वाट ज्या नामांकित शिक्षणसंस्थांतून जाते, त्यांपैकी एकाही संस्थेत ते विद्यार्थी नव्हते. कुटुंबाची राजकीय ओळख ही त्या एका पिढीची कमाई आहे.

दलोर यांच्या बाबतीत आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. निवडणुकीच्या फडात ते फारसे रमले नाहीत. ते युरोपीय संसदेचे सदस्य होते आणि पॅरिसलगतच्या क्लिशी गावाचे अल्पकाळ महापौर होते, मात्र फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत ते कधीही निवडून गेले नाहीत. त्यामुळे मुलीला हाती सोपवावा असा बांधलेला मतदारसंघ त्यांच्याजवळ नव्हता आणि पक्षात त्यांचा स्वतःचा मोठा गटही नव्हता. त्यांच्याकडे प्रतिष्ठा होती, ओळखी होत्या आणि कामाची एक पद्धत होती. मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवून आधी करार घडवायचा आणि मग सरकारने त्याला कायद्याचे रूप द्यायचे, अशी ती पद्धत. १९७१ चा व्यवसायशिक्षणाचा कायदा त्यांनी याच रीतीने घडवला. त्या वेळी ते उजव्या पक्षाचे पंतप्रधान जाक शाबाँ-देल्मास यांचे सल्लागार होते, हेही नोंदवण्याजोगे आहे. पुढे मुलीच्या हातून जो सर्वांत मोठा कायदा झाला, तो या पद्धतीच्या नेमका उलट मार्गाने झाला. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिले आहे.

कुटुंबात आणखी कोणी राजकारणात होते का?

मार्तिन यांचे धाकटे बंधू जाँ-पोल हे पत्रकार होते. रक्ताच्या कर्करोगाने १९८२ मध्ये, तिशीही गाठण्यापूर्वी, त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी वडील अर्थमंत्री होते. या आघाताविषयी कुटुंबाने जाहीरपणे फार थोडे बोलणे पसंत केले.

ओब्री यांचे शिक्षण आणि सुरुवातीची कारकीर्द कशी होती?

वडील ज्या दरवाजातून गेले नव्हते, त्यातून मुलगी गेली. पॅरिसच्या राज्यशास्त्र संस्थेतून पदवी घेतल्यावर त्यांनी ‘एना’ या राष्ट्रीय प्रशासन विद्यालयात प्रवेश मिळवला. फ्रान्सचे वरिष्ठ सनदी अधिकारी दीर्घकाळ याच संस्थेतून तयार होत असत आणि प्रत्येक तुकडीला एखाद्या थोर व्यक्तीचे नाव देण्याची तेथे प्रथा होती. १९७५ मध्ये बाहेर पडलेल्या ओब्री यांच्या तुकडीचे नाव ‘लिओं ब्लुम’ होते. १९३६ मध्ये ४० तासांचा आठवडा आणि भरपगारी सुट्ट्या देणाऱ्या सरकारचे पंतप्रधान ते हेच ब्लुम. हा निव्वळ योगायोग असला, तरी पुढचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला तो सूचक वाटल्यावाचून राहत नाही.

विद्यालयातून बाहेर पडताच त्यांनी कामगार मंत्रालय निवडले. मंत्रालयांच्या उतरंडीत अर्थखाते वरचे मानले जाते आणि महत्त्वाकांक्षी अधिकारी सहसा तिकडे धाव घेतात. कामगार खाते पसंत करणे ही त्या काळी वेगळी निवड होती. १९८१ मध्ये डावे सत्तेवर आल्यावर त्या कामगारमंत्री जाँ ओरू यांच्या सल्लागार मंडळात दाखल झाल्या आणि १९८२ च्या ‘ओरू कायद्यां’च्या कामात त्यांचा सहभाग होता. या कायद्यांनी कामगाराला कामाच्या परिस्थितीविषयी बोलण्याचा हक्क दिला, कंपन्यांना वेतनाबाबत दरवर्षी वाटाघाटी करणे बंधनकारक केले आणि आरोग्य व सुरक्षेसाठी कारखान्यांत समित्या आणल्या. पुढे १९८४ ते १९८७ या काळात त्या मंत्रालयाच्या कामगार संबंध विभागाच्या संचालक होत्या.

त्या खासगी उद्योगातही होत्या, हे खरे का?

खरे आहे. १९८९ ते १९९१ अशी दोन वर्षे त्या ॲल्युमिनियम बनवणाऱ्या पेशिने या मोठ्या कंपनीत वरिष्ठ व्यवस्थापनात होत्या. पेशिने त्या वेळी सरकारी मालकीची होती आणि तिचे प्रमुख जाँ गांद्वा हे होते. हे नाव वाचकाने लक्षात ठेवावे, कारण आठ वर्षांनी ते पुन्हा समोर येते आणि तेही विरुद्ध बाजूला.

त्या पहिल्यांदा मंत्री केव्हा झाल्या?

मे १९९१ मध्ये. फ्रान्सच्या पहिल्या महिला पंतप्रधान एदित क्रेसों यांनी त्यांना कामगार खाते दिले आणि क्रेसों यांच्यानंतर आलेल्या पिएर बेरेगोव्हा यांनी ते त्यांच्याकडेच ठेवले. मार्च १९९३ च्या निवडणुकीत समाजवाद्यांचा दारुण पराभव झाला आणि मंत्रिपद गेले. त्याच वर्षी त्यांनी सामाजिक बहिष्कृततेविरुद्ध काम करणारे एक प्रतिष्ठान स्थापन केले आणि त्यात मोठ्या कंपन्यांना सहभागी करून घेतले.

जाक दलोर यांनी अध्यक्षपदाची निवडणूक का लढवली नाही?

हा प्रश्न वडिलांविषयीचा असला तरी मुलीच्या चरित्रात तो टाळता येत नाही. १९९५ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी जनमत चाचण्यांत दलोर पुढे होते आणि समाजवादी पक्ष त्यांची मनधरणी करीत होता. ११ डिसेंबर १९९४ च्या रविवारी संध्याकाळी दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत, कोट्यवधी प्रेक्षकांसमोर, आपण उभे राहणार नाही असे त्यांनी जाहीर केले. आपण सत्तरीला आलो आहोत आणि आपल्या धोरणांना पाठिंबा देणारे बहुमत संसदेत मिळण्याची शक्यता दिसत नाही, ही कारणे त्यांनी दिली. जिंकता येईल पण मनासारखे राज्य करता येणार नाही, अशी ती भूमिका होती. तिला कोणी प्रामाणिकपणा म्हटले, कोणी कच खाणे म्हटले. फ्रान्सच्या डाव्यांमध्ये हा वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

पॅरिसमध्ये वाढलेल्या ओब्री लीलमध्ये कशा गेल्या?

त्यांना पिएर मोरवा यांनी नेले. मोरवा १९७३ पासून लीलचे महापौर होते आणि १९८१ ते १९८४ या काळात देशाचे पंतप्रधान. जाक दलोर हे त्यांच्याच मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. वारसदाराच्या शोधात असलेल्या मोरवा यांनी १९९५ मध्ये आपल्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलीला प्रथम उपमहापौर केले आणि २००१ मध्ये पद तिच्यासाठी मोकळे केले. वडिलांच्या नावाचा प्रत्यक्ष उपयोग कोठे झाला असे विचारले, तर प्रस्तुत लेखकाच्या मते उत्तर लीलमध्ये सापडते. अर्थात नगरपालिकेचे दार वशिल्याने उघडले असे मानले, तरी चोवीस वर्षे आत राहण्यासाठी मतदारच लागतात.

३५ तासांचा कायदा नेमका काय आहे?

१९९७ मध्ये अध्यक्ष जाक शिराक यांनी मुदतपूर्व निवडणुका घेतल्या आणि अनपेक्षितपणे डावे जिंकले. लिओनेल जोस्पँ पंतप्रधान झाले आणि ओब्री यांना मंत्रिमंडळात दुसऱ्या क्रमांकाचे स्थान मिळाले. बेरोजगारी त्या वेळी १२ टक्क्यांच्या घरात होती. उपलब्ध काम अधिक हातांत वाटले तर रोजगार वाढेल, या कल्पनेवर ही योजना उभी होती. १९८२ पासून आठवडा ३९ तासांचा होता. तो ३५ तासांवर आणायचा आणि पगार मात्र कमी करायचा नाही, असे ठरले.

यासाठी दोन कायदे झाले. १३ जून १९९८ च्या पहिल्या कायद्याने दिशा ठरवली आणि जी कंपनी वेळेआधी वाटाघाटी करून कामाचे तास १० टक्क्यांनी घटवील व किमान ६ टक्के नवी भरती करील, तिला सामाजिक विम्याच्या हप्त्यांत सवलत दिली. १९ जानेवारी २००० च्या दुसऱ्या कायद्याने नियम पक्के केले. वीसपेक्षा अधिक कामगार असलेल्या कंपन्यांना ३५ तासांची मर्यादा १ जानेवारी २००० पासून आणि लहान कंपन्यांना १ जानेवारी २००२ पासून लागू झाली.

येथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. पस्तीस तासांनंतर काम करण्यास मनाई आहे, असा या कायद्याचा अर्थ नाही. ३५ ही फक्त रेषा आहे. तिच्या पुढचा प्रत्येक तास जादा काम म्हणून मोजावा लागतो आणि त्याचा दर वाढतो किंवा त्याबदल्यात सुट्टी द्यावी लागते. अनेक कंपन्यांनी आठवड्याचे तास तसेच ठेवून वर्षाकाठी ठरावीक जादा सुट्ट्या दिल्या. ‘एर-ते-ते’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या सुट्ट्या फ्रेंच माणसाच्या रोजच्या बोलण्याचा भाग झाल्या. वरिष्ठ कर्मचाऱ्यांचे काम तासांऐवजी वर्षातल्या दिवसांत मोजण्याची सोयही याच कायद्यातून आली.

मालक संघटना एवढी का संतापली?

१० ऑक्टोबर १९९७ रोजी सरकार, मालक आणि कामगार यांची परिषद बोलावण्यात आली होती. मालकांची समजूत होती की चर्चा होईल आणि प्रत्येक उद्योग आपापल्या सोयीने मार्ग काढील. परिषदेच्या अखेरीस सरकारने तारखांसहित कायद्याची घोषणा केली. मालक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष होते जाँ गांद्वा, पेशिने कंपनीत ओब्री यांचे प्रमुख असलेले तेच गांद्वा. आपली फसवणूक झाली असे सांगून त्यांनी तीन दिवसांत राजीनामा दिला. यापुढे संघटनेला वाटाघाटी करणारा माणूस नको, मारेकरी वृत्तीचा माणूस हवा, असे ते म्हणाले. त्यांच्या जागी पोलादाच्या व्यवसायात वाढलेल्या वांदेल घराण्यातील एर्नेस्त-आंत्वान सेय्येर आले आणि संघटनेने पुढच्याच वर्षी नाव बदलून नवा, आक्रमक अवतार धारण केला.

दलोर यांच्या पद्धतीशी तुलना करायची तर हाच क्षण पाहावा. वडिलांनी १९७१ मध्ये आधी करार केला आणि मग कायदा. मुलीने आधी कायदा जाहीर केला आणि करार त्यामागून मागितले. ओब्री यांची बाजू अशी मांडता येते की पस्तीस तासांची मागणी मालकांनी स्वखुशीने कधीच मान्य केली नसती, आणि निवडणुकीत दिलेले वचन पाळायचे तर दुसरा रस्ता नव्हता. ही बाजू पोकळ नाही. पण ज्या कायद्याला एक पक्ष पहिल्या दिवसापासून शत्रू मानतो, तो पुढची वीस-पंचवीस वर्षे प्रत्येक निवडणुकीत पुन्हा तावून-सुलाखून घेतला जातो, आणि येथे तसेच घडले.

त्या कायद्याचा फायदा झाला की तोटा?

सरकारी सांख्यिकी अभ्यासांत १९९८ ते २००२ या काळात सुमारे साडेतीन लाख नोकऱ्या या कायद्याच्या खाती टाकल्या जातात. त्यांतील किती नोकऱ्या तास घटल्यामुळे आणि किती हप्त्यांच्या सवलतीमुळे आल्या, यावर अर्थशास्त्रज्ञांचे एकमत नाही.

वाटणी मात्र सर्वांना सारखी आली नाही. सर्वाधिक समाधानी होते ते वरिष्ठ कर्मचारी आणि लहान मुले असलेल्या स्त्रिया. त्यांच्या हाती खरोखर मोकळे दिवस आले. कारखान्यातील कामगाराच्या वाट्याला पुष्कळदा याच्या उलटे आले : तास वर्षभरावर पसरवले गेले, हंगामात जास्त आणि मंदीत कमी काम, पाळ्यांची अनिश्चितता आणि काही वर्षे गोठलेला पगार. तास घटूनही किमान वेतन कमी होऊ नये म्हणून केलेल्या तरतुदीमुळे देशात एकाच वेळी अनेक किमान वेतने अस्तित्वात आली आणि तो गुंता सुटण्यास २००५ उजाडले. सर्वांत अवघड अवस्था सरकारी रुग्णालयांची झाली. तेथे तास कमी झाले, पण त्या प्रमाणात परिचारिका आणि डॉक्टर मिळाले नाहीत. ही तक्रार उजव्या पक्षांइतकीच रुग्णालयांतून ऐकू येत राहिली.

तो कायदा आज रद्द झाला आहे का?

नाही. उजव्या सरकारांनी २००३ मध्ये जादा कामाची मर्यादा सैल केली, २००७ मध्ये जादा तासांच्या कमाईवर करसवलत दिली आणि नंतरच्या सुधारणांनी कंपनीपातळीवरील करारांना अधिक मोकळीक दिली. २००३ च्या जीवघेण्या उन्हाळ्यात हजारो वृद्ध दगावल्यावर त्यांच्या देखभालीच्या निधीसाठी वर्षातून एक दिवस बिनपगारी काम करण्याची तरतूद आली, त्यामुळे वर्षाचे १६०० तास १६०७ झाले. एवढे सगळे होऊनही ३५ ही कायदेशीर रेषा कोणी पुसली नाही. टीका करणे सोपे होते, पण मिळालेल्या सुट्ट्या परत मागण्याचे धाडस कोणाला झाले नाही.

मंत्री म्हणून त्यांचे दुसरे महत्त्वाचे काम कोणते?

प्रस्तुत लेखकाच्या दृष्टीने ओब्री यांचे सर्वांत भरीव काम ३५ तास हे नसून २७ जुलै १९९९ चा सार्वत्रिक आरोग्य संरक्षणाचा कायदा हे आहे. त्यापूर्वी आरोग्य विमा मुख्यतः नोकरीशी जोडलेला असे आणि जो कोणत्याच चौकटीत बसत नसे तो वाऱ्यावर राही. १ जानेवारी २००० पासून फ्रान्समध्ये स्थिर वास्तव्य असणे हाच पुरेसा आधार ठरला आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांना पूरक विमाही विनामूल्य मिळू लागला. नंतर या योजनेची नावे बदलली, रचना बदलली, तत्त्व टिकले. त्यावर भांडण झाले नाही म्हणून त्याची आठवणही फार कोणी काढत नाही.

याखेरीज १९९७ मध्ये तरुणांसाठी नोकऱ्यांची योजना आली. शाळा, संस्था आणि पोलीस खात्यात पाच वर्षांच्या करारावर तरुण घेतले जात आणि किमान वेतनाचा ८० टक्के भाग सरकार देई.

२००२ मध्ये काय घडले?

ऑक्टोबर २००० मध्ये त्यांनी लीलच्या निवडणुकीसाठी मंत्रिपद सोडले होते. २१ एप्रिल २००२ रोजी अध्यक्षपदाच्या पहिल्याच फेरीत जोस्पँ बाद झाले, दुसऱ्या फेरीत शिराक यांच्यासमोर अतिउजवे जाँ-मारी ल पेन उभे ठाकले, आणि जूनमधील संसदीय निवडणुकीत ओब्री यांची स्वतःची जागाही गेली. त्यानंतर त्या राष्ट्रीय सभेत परतल्या नाहीत.

रांस अधिवेशनाचा वाद काय होता?

नोव्हेंबर २००८ मध्ये समाजवादी पक्षाचे अधिवेशन रांस शहरात भरले आणि नेतृत्वाचा निर्णय तेथे न होता सदस्यांच्या मतदानावर गेला. समोर होत्या २००७ च्या अध्यक्षीय उमेदवार सेगोलेन रोयाल. सुमारे १ लाख ३५ हजार मते पडली आणि ओब्री प्रथम ४२ मतांनी पुढे असल्याचे सांगण्यात आले. आक्षेपांनंतर पक्षाच्या समितीने फेरतपासणी करून हा फरक १०२ मतांचा ठरवला. दोन्ही बाजूंनी एकमेकींवर मतदानात गैरप्रकार केल्याचे आरोप केले आणि त्या डागाने पक्षाला बराच काळ छळले.

तरीही त्यांच्या काळात पक्ष सावरला. २००९ च्या युरोपीय निवडणुकीत तो साडेसोळा टक्क्यांपर्यंत घसरला होता. पुढच्याच वर्षी मुख्य भूमीवरील २२ पैकी २१ प्रदेश डाव्यांकडे आले आणि सप्टेंबर २०११ मध्ये पाचव्या प्रजासत्ताकात, म्हणजे १९५८ पासूनच्या राज्यव्यवस्थेत, प्रथमच सिनेटमध्ये डाव्यांचे बहुमत झाले.

२०११ मध्ये त्या अध्यक्षपदाच्या उमेदवार का होऊ शकल्या नाहीत?

पक्षात असे गृहीत धरले जात होते की उमेदवार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे तेव्हाचे प्रमुख दोमिनिक स्ट्रॉस-कान असतील आणि ओब्री त्यांच्यासाठी वाट मोकळी ठेवतील. १४ मे २०११ रोजी स्ट्रॉस-कान यांना न्यूयॉर्कमध्ये अटक झाली आणि सगळे गणित कोलमडले. ओब्री यांनी २८ जून रोजी लीलमध्ये उमेदवारी जाहीर केली. फ्रांस्वा ओलांद मात्र मार्चपासूनच मैदानात होते. अध्यक्ष व्हायची ओब्री यांची मनापासून इच्छा आहे की केवळ दुसऱ्याची रिकामी जागा भरायची आहे, ही शंका मतदारांच्या मनातून गेली नाही.

पक्षाबाहेरच्या समर्थकांनाही एक युरो भरून मतदान करता येईल अशी ती पहिलीच खुली निवड होती. ९ ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीत ओलांद यांना ३९ टक्के आणि ओब्री यांना ३० टक्के मते मिळाली. १६ ऑक्टोबरला, २८ लाखांहून अधिक लोकांनी मतदान केलेल्या दुसऱ्या फेरीत ओलांद ५६.६ विरुद्ध ४३.४ टक्क्यांनी जिंकले. यातील विलक्षण गोष्ट अशी की ओलांद हे राजकारणात दलोर यांचे शिष्य मानले जात आणि दलोर यांच्या विचारांच्या मंडळाचे ते एके काळी अध्यक्षही होते. दलोरांच्या कन्येला दलोरांच्या मानसपुत्राने हरवले. वडील ज्या उंबरठ्यावरून १९९४ मध्ये आपणहून मागे फिरले, त्याच उंबरठ्याच्या अलीकडे मुलीला थांबावे लागले.

ओलांद अध्यक्ष झाल्यावर त्या मंत्रिमंडळात का गेल्या नाहीत?

पंतप्रधानपद जाँ-मार्क एरो यांना देण्यात आले आणि त्याखालचे पद घेण्यात आपल्याला अर्थ वाटत नाही असे ओब्री यांनी स्पष्ट केले. त्या लीलला परतल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये मात्र त्यांनी एका जाहीर लेखातून ओलांद आणि पंतप्रधान मान्युएल वाल्स यांच्यावर उघड टीका केली. दहशतवाद्यांचे नागरिकत्व काढून घेण्याचा प्रस्ताव आणि कामगार कायद्यातील प्रस्तावित बदल हे तिचे मुख्य रोख होते. लेखाचा सूर ‘आता पुरे झाले’ असाच होता.

त्यांच्यावर ॲस्बेस्टॉस प्रकरणात खटला झाला होता का?

खटला उभा राहिला नाही. त्या कामगार संबंध विभागाच्या संचालक असतानाच्या काळाबाबत २०१२ मध्ये तपासी न्यायाधीशांनी, कामगारांच्या आरोग्याला घातक ठरलेल्या ॲस्बेस्टॉसबाबत पुरेशी दक्षता न घेतल्यावरून, त्यांच्यावर औपचारिक आरोप ठेवले होते. पॅरिसच्या अपील न्यायालयाने ते रद्द केले आणि पुढील न्यायालयीन फेऱ्यांनंतर २०१५ मध्ये ते आरोप कायमचे रद्द झाले.

महापौर म्हणून त्यांनी लीलसाठी काय केले, आणि त्याचा मुंबईशी काय संबंध?

लील हे कापडगिरण्यांवर वाढलेले आणि गिरण्या बंद पडल्यावर खचलेले शहर. २००४ मध्ये ते जेनोआसह युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले आणि त्या निमित्ताने वाझेम वस्तीतील जुनी सूतगिरणी, मुलँ वस्तीतील जुनी दारूभट्टी अशा इमारतींचे सांस्कृतिक केंद्रांत रूपांतर झाले. वर्ष संपल्यावर उत्साह विरू नये म्हणून ‘लील ३०००’ हा दर काही वर्षांनी भरणारा उत्सव सुरू झाला. त्याचे २००६ मधील पहिले पर्व भारताला वाहिलेले होते आणि त्याचे नाव मुंबईवरून घेतले होते : ‘बॉम्बेझे द लील’. फ्रेंचमध्ये पत्राच्या शेवटी ‘बों बेझे’ म्हणजे ‘गोड गोड पापे’ असे लिहितात; त्यात बॉम्बे गुंफून ही कोटी केली होती. स्थानकासमोरच्या फेदेर्ब रस्त्यावर दुतर्फा सजवलेले हत्ती उभे केले होते. गिरण्या गमावलेल्या एका शहराने पाहुणी म्हणून मुंबईच निवडावी, हे गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला हत्तींपेक्षा जास्त भिडेल.

सगळे गोडच होते असे नाही. जुन्या सँ-सोव्हर मालधक्क्याच्या २३ हेक्टर मोकळ्या जागेवर घरे आणि जलतरण तलाव बांधण्याच्या योजनेला पर्यावरणवाद्यांनी कडाडून विरोध केला. जून २०२० मध्ये, करोनाच्या सावटाखाली अत्यल्प मतदान झालेल्या निवडणुकीत, ओब्री हरित पक्षाच्या उमेदवारापेक्षा अवघ्या २२७ मतांनी पुढे राहिल्या.

या कारकिर्दीला घराणेशाही म्हणावे का?

२०११ च्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये एक चमत्कारिक चित्र होते : समाजवादी पक्षाच्या प्रमुख दलोरांच्या कन्या होत्या आणि अतिउजव्या पक्षाच्या प्रमुख ल पेन यांच्या कन्या. दोघींना एकाच मापाने मोजणे चूक ठरेल. मारीन ल पेन यांच्याकडे वडिलांनी स्थापन करून जवळजवळ चाळीस वर्षे चालवलेला पक्षच आला. दलोर हे समाजवादी पक्षाचे प्रमुख कधीच नव्हते. त्यांच्या कन्येला ते पद १०२ मतांच्या फरकाने ओढून घ्यावे लागले. ओळखींचा लाभ झाला, हे निःसंशय. पण वारसा आणि ताबा यांत फरक असतो.

त्यांनी महापौरपद केव्हा सोडले?

मार्च २०२५ मध्ये, पुढील निवडणुकीच्या वर्षभर आधी. त्यांच्या जागी नगरपरिषदेने त्यांचे सहकारी आर्नो देलांद यांची निवड केली. मोरवा यांची अठ्ठावीस आणि ओब्री यांची चोवीस वर्षे धरली, तर लीलने बावन्न वर्षांत दोनच महापौर पाहिले होते.